घाटे अळीवर दुहेरी मारा

संक्रांत जवळ आली की पुण्याच्या मंडईत हिरव्या हरभऱ्याच्या जुड्यांचे ढीग लागतात. सुगडात घालायला ऊस, बोरे, गाजर यांच्याबरोबर हरभऱ्याचे घाटेही हवेतच. शनिवार पेठेतल्या आम्हां मंडळींचा हरभऱ्याच्या शेताशी संबंध येतो तो बहुधा एवढाच. पण घाटे सोलायला बसलात, की एखाद्या घाट्याला वाटोळे, कोरून काढल्यासारखे भोक दिसते. आत दाणा नसतो; असलाच तर अर्धा कुरतडलेला. कधी कधी भोक पाडणारी स्वारीही आतच सापडते. हिरवट रंग, अंगाच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टे, आणि लांबी बोटाच्या पेराएवढी. ही घाटे अळी.

विद्यार्थिमित्रांनो, या अळीची आणखी नावे तुम्ही ऐकली असतील, पण ती एकाच प्राण्याची आहेत हे कदाचित ठाऊक नसेल. तुरीवर तिला शेंगा पोखरणारी अळी म्हणतात, कपाशीवर हिरवी बोंड अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. शास्त्रज्ञांच्या भाषेत ती हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. आफ्रिका, आशिया, युरोप, ऑस्ट्रेलिया या खंडांत ती फार पूर्वीपासून आहे, आणि २०१३ साली ब्राझीलमध्येही ती आढळून आली. शेतकऱ्याला तिच्याशी लढण्यासाठी दोन प्रकारची शस्त्रे उपलब्ध आहेत. एक रासायनिक, दुसरे जैविक. ही दोन्ही एकत्र वापरता येतील काय, आणि आली तर कशी, हा या लेखाचा विषय आहे. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने अळ्यांच्या भानगडीत का पडावे, असे तुम्ही विचाराल. थोडा धीर धरा. यात प्रकाशाचाही भाग आहे आणि गणिताचाही.

एका महिन्याचे आयुष्य

या अळीचा पतंग फिकट तपकिरी रंगाचा असतो आणि रात्री उडतो. मादी कोवळ्या पानांवर, कळ्यांवर आणि फुलांवर एकेक करून अंडी घालते. एका मादीची अंडी काहीशे ते हजारांच्या घरात जातात. तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी बाहेर पडते. ती खाते, वाढते, कात टाकते, पुन्हा खाते. अशा साधारण सहा अवस्था पार पडायला दोन ते तीन आठवडे लागतात. मग ती जमिनीत शिरून कोष करते आणि कोषातून पतंग निघतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा अनुकूल हवेत एक महिना ते पाच आठवड्यांत पुरा होतो.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अळी आयुष्यभरात जेवढे खाते, त्यातला बहुतेक भाग ती शेवटच्या दोन अवस्थांत खाते. सुरुवातीला ती कोवळी पाने नुसती खरवडते. मोठी झाली की अर्धे अंग घाट्याच्या आत आणि अर्धे बाहेर अशा थाटात दाणे फस्त करते. एक अळी ३० ते ४० घाट्यांचे नुकसान करते, असे कृषितज्ज्ञ सांगतात. म्हणजे तिला गाठायचे ते लहान असतानाच. घाट्यात शिरल्यावर तिच्यापर्यंत कोणतेच औषध धडपणे पोहोचत नाही.

पहिले शस्त्र: मज्जातंतूंवर घाव

बहुतेक रासायनिक कीटकनाशके किड्याच्या मज्जातंतूंवर काम करतात. मज्जातंतू म्हणजे एक प्रकारची तारायंत्राची तार. तिच्यातून संदेश जातो तो विद्युतभारित अणूंच्या, म्हणजे आयनांच्या, ये-जा करण्यामुळे. तंतूच्या आवरणात बारीक दारे असतात. ती क्षणभर उघडतात, सोडियमचे आयन आत येतात, दारे मिटतात आणि संदेश पुढे सरकतो. पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशके ही दारे मिटूच देत नाहीत. संदेश थांबत नाही, किड्याला झटके येतात आणि तो मरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे निराळ्या जागी घाव घालतात. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीला मिळाल्यावर तो पुसून टाकणारे एक विकर असते. ही औषधे नेमके तेच निकामी करतात.

हे शस्त्र जलद आहे, यात शंका नाही. पण त्याचे दोन मोठे दोष आहेत.

पहिला दोष असा, की अळ्या त्याला सरावतात. सरावतात म्हणजे एकेक अळी धडधाकट होते असे नव्हे. लाखो अळ्यांत एखादीच्या अंगी जन्मतःच असा काही गुण असतो, की विष तिला बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, तिची प्रजा वाढते. तेच औषध पुन्हा पुन्हा मारले, की काही वर्षांत शेतात तिचेच वंशज उरतात. आपल्या देशात पायरेथ्रॉइड औषधे १९८० च्या सुमारास आली. १९८७-८८ च्या हंगामात आंध्र प्रदेशातल्या कपाशीवर या अळीचा प्रचंड उद्रेक झाला. फवारण्यांवर फवारण्या करूनही अळ्या मरेनात. तपासणीत आढळले, की त्यांच्यात पायरेथ्रॉइडविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाली होती.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मज्जातंतूंची रचना किड्यांमध्ये आणि माणसांमध्ये बरीचशी सारखी असते. म्हणून किड्याच्या मज्जातंतूंना मारक असलेले विष पुरेशा प्रमाणात गेले, तर माणसालाही मारक ठरते. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी उंच आणि दाट वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर आणि अंगावर येत होता. पुष्कळांकडे मुखवटे, हातमोजे नव्हते. एकाच टाकीत दोन-तीन विषे मिसळण्याची पद्धतही पडली होती. ही माणसे स्वतःच्या किंवा मालकाच्या पिकासाठी पाठीवर पंप घेऊन उभी होती. तेव्हा फवारण्यांची संख्या एकाने जरी कमी झाली, तरी त्याचा अर्थ केवळ पैशांत मोजण्याजोगा नाही.

दुसरे शस्त्र: आतड्यातले कुलूप

अळीचे मज्जातंतू आपल्यासारखे असले, तरी तिचे आतडे आपल्याहून अगदी वेगळे आहे. आपल्या जठरात आम्ल असते; त्याचा सामू १ ते ३ च्या आसपास. पतंगवर्गीय अळीच्या आतड्यातला रस मात्र तीव्र अल्कधर्मी असतो. सामू ९, १० किंवा त्याहूनही वर. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे तुम्ही पाहिले आहे. अळीच्या आतड्यातला रसही हळद लाल करण्याइतका अल्कधर्मी असतो. जैविक कीटकनाशके हे कुलूप ओळखतात.

त्यांतले पहिले आहे एक जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना अचानक मरणाऱ्या रेशीमकिड्यांत हा जिवाणू सापडला. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातून आलेल्या पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत अर्न्स्ट बर्लिनर यांना तो पुन्हा भेटला. त्या प्रांतावरून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस पडले. आपण सोयीसाठी त्याला बीटी म्हणू. बीजाणू तयार करताना हा जिवाणू प्रथिनाचा एक स्फटिकही बनवतो. पानाबरोबर हा स्फटिक अळीच्या पोटात गेला, की अल्कधर्मी रसात विरघळतो. तिथल्या विकरांनी त्याचे तुकडे होतात, हे तुकडे आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन चिकटतात आणि पेशींना भोके पाडतात. काही तासांत अळीचे खाणे बंद होते आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. आपल्या पोटात तसा रसही नाही आणि चिकटायची जागाही नाही. किल्ली आहे, पण कुलूपच नाही! अर्थात रेशीमकिडाही अळीच असल्याने तुतीच्या मळ्याजवळ बीटी फवारता कामा नये.

दुसरे जैविक शस्त्र म्हणजे विषाणू. घाटे अळीचा स्वतःचा असा एक विषाणू आहे. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक असल्यामुळे शेतकरीसुद्धा त्याला एचएएनपीव्ही म्हणतात. या विषाणूच्या कित्येक कांड्या प्रथिनाच्या एका कणात बंदिस्त असतात. हा कण सुमारे एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. अळीने तो खाल्ला, की अल्कधर्मी रसात प्रथिन विरघळते आणि विषाणू मोकळे होतात. ते पेशींत शिरून स्वतःच्या असंख्य प्रती काढतात. चार ते सात दिवसांत अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी फांदीला धरून उलटी लटकते आणि मरते. तिच्या अंगाचे पाणी होते, कातडी फुटते, आणि आतले कण खालच्या पानांवर ओघळतात. तिथे दुसऱ्या अळ्या असतातच.

आता थोडे गणित करा. हा विषाणू अळ्यांच्या अंगातच वाढवतात. त्यामुळे त्याचे मापही अळीचेच आहे. एका पूर्ण वाढलेल्या रोगट अळीतून मिळणारे कण म्हणजे एक अळी-एकक. आपल्याकडे ते ६०० कोटी कणांएवढे धरतात. एका हेक्टरला २५० एकके फवारली, तर कण होतील दीड लाख कोटी. एका हेक्टरचे चौरस सेंटिमीटर होतात दहा कोटी. भागाकार केलात, तर जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरला १५,००० कण येतात. आणि हे सगळे मिळाले ते अवघ्या अडीचशे अळ्यांतून.

मग सगळीकडे हाच का वापरत नाहीत?

कारण या शस्त्राचेही दोन दोष आहेत. एक म्हणजे ते सावकाश काम करते. नुकत्याच जन्मलेल्या अळीला अगदी थोडे कण पुरतात. पण शेवटच्या अवस्थेतल्या अळीला त्याच्या कित्येक हजारपट मात्रा लागते, आणि मरेपर्यंत ती घाटे खातच राहते.

दुसरा दोष सूर्यप्रकाशाचा. उन्हातले अतिनील किरण विषाणूच्या आनुवंशिक द्रव्यावर आघात करतात. उघड्या पानावरचे बहुतेक कण एक-दोन दिवसांत निकामी होतात. म्हणून फवारणी संध्याकाळी करतात, म्हणजे निदान रात्रभर अळीच्या पोटात जाण्याची संधी मिळते. आणि द्रावणात एक गमतीदार वस्तू मिसळतात. ती म्हणजे कपडे धुताना घालायचा राणीपाल! पांढरा सदरा राणीपालातून काढला, की तो उन्हात झळाळतो. कारण हे द्रव्य न दिसणारे अतिनील किरण शोषून घेते आणि ती ऊर्जा दिसणाऱ्या निळसर प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. पानावर तेच द्रव्य विषाणूची छत्री होते. घातक किरण आपण घेते आणि निरुपद्रवी करून सोडते. जुन्या काळची नीळ म्हणजे नुसता रंग. ती हे काम करत नाही. पुढे प्रयोगांत असेही दिसले, की या जातीची काही द्रव्ये अळीच्या आतड्याच्या आतले संरक्षक अस्तर कमकुवत करतात आणि विषाणूला आत शिरणे सोपे होते.

या दोषांमुळे विषाणूची एकदा पुरती पीछेहाट झाली होती. अमेरिकेत १९७५ साली या अळीच्या भाईबंदांविरुद्ध एल्कार नावाचे विषाणूजन्य कीटकनाशक नोंदले गेले. थोड्याच वर्षांत स्वस्त आणि झटपट पायरेथ्रॉइड आली आणि एल्कारचे उत्पादन थांबले. अळ्या पायरेथ्रॉइडला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा पुन्हा विषाणूची आठवण झाली.

दोन काचांचा प्रयोग

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. दोन्ही शस्त्रे एकत्र आणली तर काय होईल?

लाल आणि निळा असे जिलेटिन कागद घ्या. लाल कागदातून दिव्याकडे पाहा. बराचसा प्रकाश अडतो, लाल तेवढा पलीकडून येतो. त्यावर आणखी एक लाल कागद ठेवा. फारसा फरक पडत नाही. जो लाल प्रकाश पहिल्यातून सुटला, तो दुसऱ्यातूनही सुटतो. आता दुसऱ्या लाल कागदाऐवजी निळा ठेवा. जवळजवळ अंधार होतो. पहिल्यातून सुटलेला प्रकाश नेमका दुसरा अडवतो.

एकाच गटातली दोन रासायनिक औषधे मिसळणे म्हणजे लालवर लाल ठेवणे. एकातून वाचलेली अळी बहुधा दुसऱ्यातूनही वाचते. विष मात्र दुप्पट होते, आणि तेही फवारणाऱ्याच्या नाकातोंडाशी. मज्जातंतूंवरचे औषध आणि आतड्यावरचे औषध ही मात्र लाल आणि निळ्या कागदांची जोडी आहे.

अशा जोडीचे गणित बेरजेचे नसते. समजा, शेतात १००० अळ्या आहेत. एक उपाय शेकडा ८० मारतो, दुसरा शेकडा ७०. मग १५० टक्के अळ्या मेल्या, असे कोणी म्हणणार नाही! पहिल्यानंतर २०० उरतील. दुसरा त्यांतल्या १४० मारील. उरतील ६०. म्हणजे मेलेल्यांची बेरीज करायची नाही, उरलेल्यांचा गुणाकार करायचा: ०.२ × ०.३ = ०.०६. मात्र हा गुणाकार खरा ठरायला एक अट आहे. दोन्ही उपाय एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. घाट्याच्या आत दडलेली अळी दोन्हींतून निसटते, तिथे हे गणित लागू पडत नाही.

कधी कधी निकाल या गुणाकारापेक्षाही चांगला येतो. विषाणूने आजारी पडलेली अळी थोड्याशा रसायनानेही मरते. पण तो वाईटही येऊ शकतो, आणि त्याचे कारण तुम्ही आता स्वतःच शोधू शकाल. विषाणू पोटात जाण्यासाठी अळीने खाल्ले पाहिजे. बरोबरच्या रसायनाने तिचे खाणेच बंद पाडले, तर विषाणू पानावर पडून राहील आणि सकाळच्या उन्हात मरेल. शिवाय काही रसायनांचे द्रावण फार आम्ल किंवा फार अल्कधर्मी असते. त्यात अळीच्या आतड्यात उघडायचे कुलूप टाकीतच उघडते, किंवा जिवाणू मरतात. म्हणजे कोणतीही दोन औषधे टाकीत ओतून ढवळली, की दुहेरी मारा होत नाही.

आधी कोण, मग कोण?

आपल्या देशात या जोडीवर १९८० आणि १९९० च्या दशकांत हरभऱ्यावर आणि तुरीवर पुष्कळ प्रयोग झाले. त्यांत विषाणूबरोबर एंडोसल्फान हे रसायन नेहमीच्या ०.०७ टक्क्यांऐवजी अर्ध्या, म्हणजे ०.०३५ टक्के प्रमाणात देऊन पाहिले जाई. रसायन निम्म्यावर आणूनही अळी आटोक्यात ठेवता येते, असे अशा अनेक प्रयोगांतून दिसले. पण एंडोसल्फानने केरळातल्या कासरगोड भागात माणसांची जी हानी केली, त्यानंतर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. रसायन गेले, जोडीची कल्पना मात्र टिकली.

आज महाराष्ट्रातली कृषी विद्यापीठे हरभऱ्यासाठी जी पद्धत सुचवतात, तीत दोन्ही शस्त्रे एकाच टाकीत नसतात. ती एकामागून एक येतात. आधी टेहळणी करायची. शेतात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतात. मादी पतंगाच्या वासासारखे रसायन त्यांत असते, त्यामुळे नर येऊन अडकतात. लागोपाठ तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ-दहा पतंग मिळाले, किंवा ओळीच्या एक मीटर लांबीत एक-दोन अळ्या दिसल्या, तरच औषधाचा विचार करायचा. पीक निम्मे फुलोऱ्यात आले, की पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची किंवा विषाणूची. या वेळी बहुतेक अळ्या लहान असतात, आणि विषाणूला त्याच तर हव्या असतात. पुढे पंधराएक दिवसांनी गरज उरलीच, तर इमामेक्टिन बेन्झोएटसारखे रसायन ठरवून दिलेल्या मात्रेत.

हा क्रम असाच का, ते पाहा. पहिल्या फवारणीने गांधीलमाशीच्या जातीचे परोपजीवी कीटक, कोळी, मधमाश्या यांना धक्का लागत नाही. हे कीटकही अळ्या कमी करत राहतात. शेतात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे लावले, तर कोतवाल, साळुंक्या येऊन त्यावर बसतात आणि अळ्या टिपतात. सुरुवातीलाच तीव्र रसायन मारले, तर हे सगळे फुकटचे मदतनीस आधी मरतात. आणि इमामेक्टिनने अळीचे खाणे लवकर थांबते. तो विषाणूच्या आधी आला असता, तर विषाणूचा रस्ता अडला असता. तो मागून येतो, म्हणून फक्त उरलेल्यांचा समाचार घेतो.

येथे एक गंमत आहे. इमामेक्टिन हे औषध रसायनांत मोडते, पण ते ज्या द्रव्यापासून बनवतात, ते जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाने तयार केलेले असते. त्या द्रव्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे जैविक आणि रासायनिक यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही. औषध कुठून आले यापेक्षा ते अळीच्या कोणत्या अवयवावर, किती वेळात आणि आणखी कोणाकोणावर काम करते, हे पाहणे महत्त्वाचे.

ही पद्धत शेतकऱ्याकडून जास्त कष्ट मागते. त्याला सापळे मोजावे लागतात, संध्याकाळी फवारावे लागते, चार-पाच दिवस अळी जिवंत दिसत असतानाही धीर धरावा लागतो. त्याच्या बदल्यात विषारी फवारणी एकदोनवरच राहते. जी करावी लागते, तीही वाऱ्याच्या दिशेने, तोंडाला मुखवटा, हातांत मोजे, अंगभर कपडे अशीच केली पाहिजे. कमी वेळा वापरलेले रसायन अळ्यांवर अधिक वर्षे चालते, हा आणखी एक लाभ.

या हिवाळ्यात गावी गेलात, तर हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या शेतात सकाळी एक फेरी मारा. शेंड्याकडे एखादी काळपट, मऊ पडलेली अळी उलटी लटकलेली दिसते का, ते शोधा. दिसली, तर ती झटकून टाकू नका. घरच्या मोठ्यांना बोलावून दाखवा. अशा अळ्या गोळा करून, पाण्यात कुस्करून, फडक्याने गाळून ते पाणी संध्याकाळी पिकावर फवारणारे शेतकरी आहेत. मात्र आपली औषधे आपणच जुळवण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यायला त्यांना अवश्य सांगा. आणि एका अळीत कण किती असतात, असे कोणी विचारले, तर उत्तर आता तुम्हांला ठाऊक आहे.